‘रॉकी’ आधी की ‘क्रीड’ आधी? एका मंडळाचा हिवाळा

ही नोंद फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या एका महाराष्ट्र मंडळाची आहे. मंडळाचं नाव दिलेलं नाही, माणसांची ओळख पुसली आहे. खुर्च्या मांडणं आणि प्रोजेक्टर चालवणं ही माझी कामं, त्यामुळे तिन्ही संध्याकाळी मी हॉलच्या मागे उभा होतो. पडद्यापेक्षा पोरांच्या मानाच जास्त बघितल्या. इतर मंडळांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतोय, फसलेल्या भागासकट.

पार्श्वभूमी

गणपतीला आमच्याकडे पंगतीवर पंगती उठतात. पण बारा ते सतरा वयाची मुलं आरतीपुरती उभी राहतात, मोदक उचलतात आणि मागच्या भिंतीला टेकून फोनमध्ये शिरतात. 2023च्या दिवाळीनंतरच्या बैठकीत हा विषय दरवर्षीसारखाच निघाला. या वेळी युवा विभागाच्या समन्वयक ताई मात्र कागदावर काहीतरी लिहून आल्या होत्या. जानेवारी ते मार्च, बाहेर बर्फ असताना, महिन्यातून एका शनिवारी सिनेमा आणि त्यानंतर गप्पा. थंडी ओसरली की एप्रिलमध्ये शहरात एक फेरी. सिनेमे कोणते, तर रॉकीचे, म्हणजे फिलाडेल्फियातल्या एका काल्पनिक मुष्टियोद्ध्याचे.

निवड हवेतून आलेली नव्हती. रॉकी सरावात धावत चढतो त्या म्युझियम ऑफ आर्टच्या 72 पायऱ्या आमच्यापासून पाऊण तासावर आहेत. भारतातून कुणाचेही आईवडील आले की आधी लिबर्टी बेल, मग पायऱ्यांच्या पायथ्याशी रांगेत उभं राहून रॉकीच्या पुतळ्याशेजारी हात वर करून फोटो, हा क्रम ठरलेला होता. तो फोटो घराघरात फ्रिजवर चिकटवलेला आहे. मुलं त्या फोटोत आहेत, पण सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही.

प्रस्ताव ऐकून पन्नाशीतल्या बापांचे चेहरे एकदम उजळले. त्यांनी रॉकी पाहिला तो ठाण्यात, नाशकात, सोलापुरात. चाळीत वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, सकाळी तो परत द्यायच्या घाईत. आणि बहुतेकांनी पाहिला होता तो चौथा, रशियातल्या बर्फात लाकडं फोडणारा. पहिला पाहिलेले हात मोजले तर चारच निघाले. रॉकीवर आपलं प्रेम आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या बहुतेकांना रॉकी मुळात कोण होता हे माहीत नव्हतं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

अडचण

1976 ते 2023 या काळात एकूण नऊ सिनेमे झाले. ‘रॉकी’ नावाचे सहा आणि ‘क्रीड’ नावाचे तीन. सगळे दाखवणं शक्यच नव्हतं. घरी बघायला विकत घेतलेली डिस्क किंवा स्ट्रीमिंगची वर्गणी हॉलमधल्या प्रदर्शनाला चालत नाही, तिकीट फुकट ठेवलं तरी. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो प्रत्येक सिनेमाचा वेगळा. खजिनदार काकांनी चौकशी केली, आकडा ऐकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीन सिनेमांना पैसे मिळतील, चौथ्याचं नाव काढू नका, असं त्यांनी सांगितलं.

आता तीन कोणते? बापांचं म्हणणं, चौथ्यापासून सुरू करा. मुलांना विचारलं तर त्यांना मायकल बी. जॉर्डन हा नट हवा होता, म्हणजे ‘क्रीड’. ताई पहिल्यावर अडून बसल्या होत्या आणि पहिल्याबद्दलच्या दोन शंकाही त्यांनी स्वतःच मांडल्या. एक म्हणजे तो संथ आहे. खरी मुष्टियुद्धाची लढत शेवटच्या काही मिनिटांत येते. तोवर एक तिशीचा, वसुली करून पोट भरणारा, कासवं पाळणारा माणूस थंडीत रस्त्यांवरून फिरत असतो. दुसरी शंका नाजूक होती. रॉकी त्याला आवडणाऱ्या ॲड्रियनला पहिल्यांदा खोलीवर आणतो तेव्हा ती निघायला बघते आणि तो दाराशी आडवा उभा राहतो. पुढे चुंबन. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसमोर हे लावून गप्प बसायचं का, असा प्रश्न एका आईने विचारला. बैठकीतले पुरुष म्हणाले, असा काही प्रसंग आठवत नाही. त्यांतल्या एकाने तो सिनेमा दहादा पाहिला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय प्रदर्शनाच्या क्रमाने जायचा: 1976, 1979, 1982. यात पहिल्याचा संथपणा सुरुवातीलाच अंगावर येणार होता. पुढचे दोन सिनेमे रॉकीला जिंकवतात, एवढं झालं की गोष्ट संपते. ताईंनी हा पर्याय स्वतःच खोडला.

दुसरा, ‘क्रीड’पासून मागे जायचा. 2015चा हा सिनेमा दिग्दर्शक रायन कूगलरचा. त्याचे वडील रॉकीचे वेडे. वडील आजारी पडले तेव्हा, स्वतःचा पहिला मोठा सिनेमाही झालेला नसताना, कूगलरला ही गोष्ट सुचली: रॉकीचा जुना प्रतिस्पर्धी ॲपोलो क्रीड याचा मुलगा, बापाला कधीच न पाहिलेला, म्हाताऱ्या रॉकीकडे शिकायला येतो. आजारी बाप, त्याचा आवडता सिनेमा आणि मुलाने त्यातून काढलेली स्वतःची वाट, म्हणजे आम्हाला हॉलमध्ये जे घडायला हवं होतं तेच या सिनेमाच्या जन्मात घडलेलं होतं. मी या पर्यायाच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

तिसरा पर्याय बापांचा, चौथा आधी. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ॲपोलो मरतो तो चौथ्यात, ड्रॅगो या रशियन मुष्टियोद्ध्याच्या हातून. बाप कसा मेला हे न बघता मुलाचं दुःख कळणार कसं? शिवाय तो दीड तासाचा, निम्मा वेळ संगीत आणि सराव. पोरं जागची हलणार नाहीत, असं सांगण्यात आलं.

आणखी एका काकांनी ‘फक्त सरावाचे तुकडे जोडून’ एक तासाचा कार्यक्रम करू असं सुचवलं. तुकडे जोडले तरी परवान्याची कटकट चुकत नव्हती, म्हणून तो विषय तिथेच मिटला.

काय केलं

मतदान घेतलं. ही पहिली चूक. मतं मोठ्यांची होती, कार्यक्रम मुलांचा. चौथा जिंकला आणि जानेवारीच्या शनिवारी सव्वीस मुलं आली.

चौथ्यात ॲड्रियनच्या भावाला, पॉलीला, वाढदिवसाला एक यंत्रमानव भेट मिळतो. तो पडद्यावर आला आणि हॉलमध्ये हशा पिकला. बापांना वाटलं, रंगत आली. मागून मला दिसत होतं की पोरं फोनवर त्या यंत्रमानवाचे फोटो काढून एकमेकांना पाठवताहेत. त्यानंतर काहीही गंभीर चाललं नाही. ॲपोलो मेला तेव्हाही कुणीतरी फिस्सकन हसलं आणि एका बापाने मागे वळून दटावलं. (रॉकीचं काम करणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनने 2021 मध्ये या सिनेमाची नवी आवृत्ती कापली तेव्हा तो यंत्रमानव पूर्ण उडवला. आम्ही कोणती आवृत्ती लावतोय हे तपासायला हवं होतं. ते काम माझं होतं.) गप्पांच्या वेळी एकच प्रश्न आला: "हा जिंकणार हे पहिल्या मिनिटालाच माहीत होतं, मग बघायचं काय?" प्रश्न बरोबर होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

फेब्रुवारीच्या आधी पुन्हा बैठक झाली. सगळं गुंडाळायचं की ‘क्रीड’ लावून सावरायचं, यावर तासभर गेला. ताई म्हणाल्या, "आता पहिला. ‘जिंकणार हे माहीत होतं’ असं विचारलंय ना त्यांनी? मग तोच दाखवायचा." मला हा निर्णय धोक्याचा वाटला होता. संथ सिनेमा, उतरलेली उत्सुकता आणि बाहेर उणे सहा. मोजून अकरा मुलं आली. बरोबर एकीचे आजोबा आले, कोल्हापूरकडचे, तारुण्यात तालमीतले. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही. ते पहिल्या रांगेत बसले.

या वेळी ताईंनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सुरुवातीला पाच मिनिटं उभ्या राहून त्यांनी सिनेमाची गोष्ट न सांगता तो कसा बनला ते सांगितलं. 24 मार्च 1975ला चक वेपनर नावाचा न्यू जर्सीचा मुष्टियोद्धा मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. नवव्या फेरीत त्याने अलीला खाली पाडलं. पंधराव्या फेरीत, अवघे एकोणीस सेकंद उरले असताना, पंचांनी लढत थांबवली. ती बघून स्टॅलोन नावाच्या एका बेकार नटाने साडेतीन दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहिला आणि नायक मीच असेन या अटीवर अडून बसला. निर्माते कबूल झाले, पण पैसे दिले जेमतेम दहा लाख डॉलर. चित्रीकरण 28 दिवसांत उरकलं. "आता बघा," ताई म्हणाल्या, "पैसे नव्हते हे कुठं कुठं दिसतं ते शोधा."

दुसरी गोष्ट, दाराशी अडवण्याच्या प्रसंगाला कात्री लावली नाही. नंतर त्यावर बोलायचं हे आधीच ठरवलं आणि आयांना तसं कळवलं.

शोधायला सांगितल्याचा परिणाम मला मागून दिसला. स्केटिंगच्या प्रसंगात माना वर झाल्या. रिंक बंद झालेली, आत कुणी नाही, रॉकी पैसे देऊन दहा मिनिटं मागून घेतो. ॲड्रियन बर्फावर, तो बूट घालून शेजारून धावतोय आणि तिथला माणूस उरलेली मिनिटं ओरडून सांगतोय. मूळ पटकथेत तिथे गर्दी होती. तेवढी माणसं आणायला पैसे नव्हते. एक मुलगा हळूच म्हणाला, "इथं." पुढे रॉकीचा झगा त्याला ढगळ होतो, तेव्हा दोघे-तिघे म्हणाले, "इथं." झगा खरोखरच मोठा शिवून आला होता, स्टॅलोनने त्यावर वाक्य लिहून टाकलं. लढतीच्या हॉलमधल्या रॉकीच्या भल्यामोठ्या चित्रात चड्डीचा रंग चुकला होता. तीही चूक पात्राच्या तोंडी घातली: रॉकी ती दाखवतो आणि आयोजक म्हणतो, त्याने काय फरक पडतो. ती चूक गोष्टीत शिरल्यामुळे उद्याच्या लढतीत या माणसाची किंमत काय हे एका वाक्यात कळून जातं.

आजोबांचं लक्ष वेगळीकडे. रॉकीने पहाटे पाच कच्ची अंडी पेल्यात फोडून घशाखाली घातली तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "पाच? बरं. आणि दूध कुठाय? बदाम?" नात लाजली, पोरं हसली. पण या वेळचं हसणं जानेवारीसारखं नव्हतं.

पायऱ्यांवर पहिल्यांदा पोचतो तेव्हा रॉकी कुशीला हात लावून धापा टाकत असतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना दुसरीच वेळ माहीत, हात वर करण्याची. तो प्रसंग ज्या यंत्रावर कॅमेरा बसवून टिपला तो स्टेडीकॅम, धावतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा, तोही याच गावच्या माणसाचा. गॅरेट ब्राउनने आपलं यंत्र जगाला दाखवायला जो नमुना काढला, त्यात त्याची मैत्रीण याच पायऱ्यांवरून धावत होती. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसनने तो पाहिला आणि विचारलं, या पायऱ्या कुठे आहेत.

शेवटी निकाल येतो. ॲपोलो जिंकतो, पंचांच्या विभागलेल्या मतांनी. रॉकीचं तिकडे लक्षच नसतं, तो ॲड्रियनला हाका मारतोय. दिवे लागले. नववीतली एक मुलगी म्हणाली, "थांबा. हरला?"

आजोबांना नातीने समजावलं. ते म्हणाले, "हरला न्हाई, पोरी. बरोबरीत सुटली म्हणायची. पाठ कुठं लागली त्याची?"

या वाक्यावर वीस मिनिटं गेली. पाठ लागणं म्हणजे काय, निकाली कुस्ती म्हणजे काय, मैदानात बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीलाही लोक फेटे का उडवतात, हे आजोबा सांगत होते आणि नात इंग्रजीत उतरवत होती. आदल्या रात्री रॉकी ॲड्रियनला सांगतो की आपण जिंकत नाही, फक्त पंधरा फेऱ्या उभं राहायचंय. तो प्रसंग मुलांनी स्वतः काढला. मग तीच नववीतली मुलगी दाराच्या प्रसंगावर आली: "ती जायचं म्हणतेय ना? मग हा दार अडवून का उभा?" दहादा पाहिलेल्या काकांनी खाली बघितलं. ताईंनी भाषण दिलं नाही. "त्या काळी हे प्रेम म्हणून खपलं," एवढंच म्हणाल्या आणि पोरांना बोलू दिलं.

मार्चला ‘क्रीड’ झाला. एकोणीस मुलं आली. एका अख्ख्या लढतीत कॅमेरा कुठेही न तुटता दोघांभोवती फिरत राहतो, तिथे हॉल चिडीचूप होता. शेवटी ॲपोलोचा मुलगा ॲडोनिस हरतो, पुन्हा विभागलेल्या मतांनी. कुणीतरी लगेच फोनवर शोधलं: 2006च्या ‘रॉकी बाल्बोआ’मध्येही म्हातारा रॉकी असाच हरतो. म्हणजे 1976, 2006, 2015. त्यावर एक मुलगा म्हणाला, "यांना नव्यानं सुरू करायचं असलं की हे हरतात."

मला तरी या मालिकेबद्दल याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही. मधल्या काळात रॉकी जिंकत गेला, घर मोठं झालं, यंत्रमानव आला, आणि पाचव्यात सगळं गेल्यावर लढत रिंगमधून रस्त्यावर आली. त्यानंतर सोळा वर्षं काही नाही. पुन्हा माणसं जमली ती दर वेळी एका हरलेल्या लढतीभोवती.

पायऱ्यांपाशी

एप्रिलच्या फेरीला चौदा मुलं, सहा पालक आणि आजोबा. पोरं धावत वर गेली. आजोबांचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही दोघं खाली, पुतळ्याच्या रांगेत.

हा ब्राँझचा पुतळा थॉमस शॉमबर्ग नावाच्या शिल्पकाराने 1982च्या तिसऱ्या सिनेमासाठी घडवला. चित्रीकरणात तो पायऱ्यांच्या माथ्यावर होता. नंतर स्टॅलोनने तो शहराला देऊन टाकला आणि वाद पेटला. ही कलाकृती की सिनेमाचं सामान? म्युझियमच्या दारात असलं काही नको, म्हणून त्याची रवानगी दक्षिणेकडच्या क्रीडासंकुलात झाली. 2006 मध्ये तो परत आला, पण पायथ्याशी, बाजूच्या हिरवळीवर. माझ्या मते ही तडजोड मूळ जागेपेक्षा चांगली ठरली. आम्ही गेलो तेव्हा माथा मोकळा होता. वर पोचणाऱ्याला तिथे दुसरं कुणी उभं दिसत नव्हतं. आणि पुतळ्याचे वर गेलेले हात सरावाच्या वेळचे आहेत. पहिल्या सिनेमातली शेवटची लढत तर तो जिंकतच नाही.

रांगेत आजोबांनी विचारलं, "हा पैलवान कधी वारला?"

मी म्हटलं, "आजोबा, हा खरा नव्हता. सिनेमातला आहे."

"आणि गावात खरं कुणी नव्हतं?"

होतं. जो फ्रेझर. 1964चं ऑलिंपिक सुवर्ण, मग जगज्जेता. 1971 मध्ये व्यावसायिक लढतीत अलीला हरवणारा पहिला माणूस. पोटासाठी त्याने याच शहरात कत्तलखान्यात काम केलं होतं. तिथे टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचो, या पायऱ्यांवर धावायचो, असं तो सांगायचा. सिनेमाने ते दोन्ही घेतलं. पहिल्या सिनेमात तो मिनिटभर दिसतोही. 2011 मध्ये तो गेला. त्याचा पुतळा 2015 मध्ये उभा राहिला, शहराच्या दक्षिणेला, स्टेडियमांच्या भागात. काल्पनिक मुष्टियोद्ध्याच्या पुतळ्यानंतर तीसहून जास्त वर्षांनी, आणि त्यातही खरा काळा होता, काल्पनिक गोरा, हे सतरा वर्षांच्या एका मुलाने परतताना बोलून दाखवलं.

ठरलेलं नव्हतं, पण गाड्या तिकडे वळवल्या. पार्किंगच्या विस्तीर्ण डांबरापलीकडे फ्रेझर उभा होता, अलीला खाली पाडल्याच्या क्षणातला. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आजोबा पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले, खांद्यांकडे बघितलं, मांड्यांकडे बघितलं. "ह्याच्याकडं रांग न्हाई," ते म्हणाले. मग नातीला म्हणाले, फोटो काढ.

निष्पत्ती

आकड्यांत बघितलं तर सव्वीसवरून अकरा, मग एकोणीस, शेवटी चौदा. खजिनदार काकांच्या मते खर्चाच्या मानाने हे काही नाही. पुढच्या गणपतीत मागच्या भिंतीला टेकलेली पोरं तशीच टेकलेली होती, फोन तसेच. पण त्यातली पाच-सहा आजोबांभोवती होती आणि आजोबा कुणाला तरी ढाक डाव समजावत होते. याला यश म्हणायचं की नाही यावर समितीत एकमत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मतदान मुलांचं घेऊ, किंवा घेणारच नाही. तीनच परवाने असतील तर ‘क्रीड’, मग पहिला, मग ‘रॉकी बाल्बोआ’. चौथा ज्याने त्याने घरी बघावा, वडापाव खात, बापाबरोबर. तो तिथेच शोभतो. सिनेमा कसा बनला हे पाच मिनिटं सांगणं आणि काहीतरी शोधायला देणं जानेवारीपासूनच सुरू करायला हवं होतं. दाराच्या प्रसंगासारखं काही असेल तर आयांना आधी कळवणं योग्यच होतं, पण बापांना वगळलं ही चूक झाली.

आणि फेरीत आधी फ्रेझर, मग पायऱ्या. आम्ही उलट गेलो. डांबराच्या त्या पटांगणात पोचलो तेव्हा निम्मी मुलं दमून गाडीतच बसून राहिली, आणि सतरा वर्षांच्या त्या मुलाने काढलेला विषय पहिला टोल येईपर्यंतच टिकला.